गोल न करणाऱ्या बचावपटूची पारख

पत्र : आम्ही कॅनडात ओंटारिओमधील ओकव्हिल येथे राहतो. आमचा सतरा वर्षांचा मुलगा ओंटारिओ हॉकी लीग या आइस हॉकीच्या ज्युनियर स्पर्धेत बचावपटू म्हणून दुसरा हंगाम खेळत आहे. तो उजव्या बाजूने फटका मारतो, त्याची उंची पाच फूट अकरा इंच आहे आणि जन्म ऑगस्टमधला आहे. एनएचएल या व्यावसायिक लीगचे संघ ड्राफ्टमध्ये तरुण खेळाडू क्रमाने निवडतात; येत्या जूनमध्ये त्या ड्राफ्टसाठी तो प्रथमच पात्र ठरेल. पन्नास सामन्यांत त्याचे दोन गोल आणि बारा सहाय्ये (दुसऱ्यांच्या गोलला लागलेले पास) आहेत. पॉवर प्लेला (समोरचा खेळाडू शिक्षेवर असताना) त्याला पाठवत नाहीत. पेनल्टी किलला (आपला खेळाडू शिक्षेवर असताना) मात्र तो पहिल्या जोडीत असतो. हंगामाच्या सुरुवातीच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर होते आणि जानेवारीच्या यादीत तो उत्तर अमेरिकी स्केटरांमध्ये (गोलरक्षक सोडून बाकीच्या खेळाडूंमध्ये) दीडशेच्याही खाली गेला. एका अहवालात ‘आक्रमणाची क्षमता मर्यादित’ असा शेरा आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, पॉवर प्लेवर खेळवणारा दुसरा संघ मागून घ्यावा आणि उन्हाळ्यात फटक्यांसाठी खासगी प्रशिक्षक लावावा. मी प्रत्येक सामना पाहते, पण मला हॉकी फारशी कळत नाही. मुलाकडे नेमके काय पाहायचे? तो खरोखर त्या योग्यतेचा आहे का? आणि शिक्षणाचे काय? — एक आई

स. न. वि. वि.

आपण सरळ विचारले आहे, म्हणून सरळच उत्तर देतो. आपण दिलेल्या माहितीवरून येत्या जूनमध्ये आपल्या मुलाचे नाव पुकारले जाण्याची शक्यता मला निम्म्याहून कमी वाटते. त्याच माहितीवरून तो गुणी बचावपटू असण्याची शक्यताही मला चांगली दिसते, आणि या दोन विधानांत विरोध नाही, कारण ड्राफ्टच्या वेळी संघ सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे पाहून तेवीस-चोवीस वर्षांच्या खेळाडूचा अंदाज बांधत असतात आणि हा अंदाज बचावपटूंच्या बाबतीत सर्वांत जास्त चुकतो.

आधी यादीविषयी थोडे. ही यादी एनएचएलच्या सेंट्रल स्काउटिंग या, तरुण खेळाडूंची पारख करणाऱ्या, विभागाची आहे. १९७५ साली सुरू झालेला हा विभाग उत्तर अमेरिकेतील स्केटर, युरोपातील स्केटर आणि दोन्हीकडचे गोलरक्षक यांच्या वेगवेगळ्या याद्या करतो. ड्राफ्टमध्ये ३२ संघांच्या सात फेऱ्या मिळून २२४ नावे घेतली जातात आणि त्यांत या सर्व याद्यांतली मुले एकत्र मिसळतात. म्हणून उत्तर अमेरिकी यादीतला एकशे साठावा मुलगा ड्राफ्टमध्येही एकशे साठावा असेल, असे धरून चालू नये. ‘डब्ल्यू’चा अर्थ सहाव्या किंवा सातव्या फेरीत विचार होऊ शकेल असा खेळाडू. मात्र प्रत्येक संघ आपली स्वतःची यादी वेगळी करतो, ती कोणाला दाखवत नाही, आणि निवड होण्यासाठी ३२ पैकी एकाच संघाला मुलगा मनापासून आवडणे पुरेसे असते.

बचावपटूंची पारख किती अवघड आहे हे पाहायचे असेल तर २०१२ च्या ड्राफ्टसारखे दुसरे उदाहरण नाही. त्या वर्षी पहिल्या दहा नावांपैकी आठ बचावपटूंची होती. त्यांतले मॉर्गन रायली, हॅम्पस लिंडहोम आणि जेकब ट्रूबा यांची कारकीर्द चांगली झाली. चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलंडर्सने घेतलेला ग्रिफिन राइनहार्ट मात्र एनएचएलच्या नियमित हंगामांत मिळून ३७ सामनेच खेळू शकला. तो आळशी किंवा बेफिकीर मुलगा मुळीच नव्हता. २०१४ मध्ये ज्युनियर हॉकीचा मेमोरियल कप जिंकणाऱ्या एडमंटन ऑइल किंग्जचा तो कर्णधार होता, सहा फूट चार इंच उंच होता, आणि ज्युनियर हॉकीत त्याच्या लांब हातांपुढे समोरच्या मुलांना वाट सापडत नसे. वरच्या पातळीवर समोरचे खेळाडू वेगवान झाले आणि त्याचे पाय त्या वेगाला पुरे पडले नाहीत. त्याच ड्राफ्टमध्ये ८६व्या क्रमांकावर कोल्टन पॅरेको निवडला गेला, जो २०१९ मध्ये सेंट लुइसबरोबर एनएचएलचा स्टॅनली कप जिंकला. आणि १२०व्या क्रमांकावर कॅरोलायनाने जेकब स्लेव्हिनला घेतले, जो आज बचावाच्या कामात जगातील सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणला जातो. पॅरेकोचा जन्म मे १९९३ चा आहे, म्हणजे तो २०११ च्या ड्राफ्टलाही पात्र होता आणि त्या वर्षी एकाही संघाने त्याला घेतले नव्हते. निवड न झालेला मुलगा पुढच्या दोन वर्षांत पुन्हा पात्र असतो, हे आपण घरात सर्वांनी लक्षात ठेवावे.

असे का होते? आघाडीच्या खेळाडूचे काम सतराव्या वर्षी बरेचसे उघड दिसते, कारण गोल करण्याची हातोटी लवकर प्रकट होते. बचावपटूला मात्र संपूर्ण मैदान वाचावे लागते, पाठ फिरलेली असताना मागे कोण आहे याचा हिशेब ठेवावा लागतो आणि त्याची प्रत्येक चूक स्वतःच्या गोलसमोर घडते. ही समज सामने खेळूनच येते. ज्युनियर हॉकीत उंची, हातांची लांबी आणि शारीरिक ताकद त्या समजेच्या उणिवेवर पांघरूण घालू शकतात. तसेच ती समज असलेला पण अजून शरीराने न भरलेला मुलगा त्याच वयात साधारण वाटू शकतो.

आपल्या मुलाचा जन्म ऑगस्टचा आहे, ही माहिती आपण जाता जाता दिली आहे, पण माझ्या दृष्टीने पत्रातली ती महत्त्वाची गोष्ट आहे. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे त्याच्याच ड्राफ्टमध्ये आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात जन्मलेली, त्याच्यापेक्षा जवळजवळ अकरा महिन्यांनी मोठी मुलेही आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी ज्युनियरमधला तिसरा हंगाम खेळून काढलेला असतो. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला बचावपटू मॅथ्यू शेफर आपल्या जवळच्याच हॅमिल्टनचा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा; तो अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर त्याला आणखी एक वर्ष थांबावे लागले असते. आजारपण आणि मोडलेले गळ्याखालचे हाड (कॉलरबोन) यांमुळे त्या हंगामात तो ईरीच्या संघासाठी फक्त १७ सामने खेळला होता, तरीही स्काउटांचे मत ढळले नाही, कारण त्याचे स्केटिंग आणि पक (हॉकीची चकती) ताब्यात असताना घेतलेले निर्णय थोड्या सामन्यांतही स्पष्ट दिसत होते. आपला मुलगा शेफर आहे असे मी म्हणत नाही. त्याच्या चौदा गुणांची (गोल आणि सहाय्ये मिळून) तुलना करायचीच असेल तर ती मोठ्या मुलांच्या या वर्षीच्या आकड्यांशी न करता त्यांच्या गेल्या वर्षीच्या आकड्यांशी करावी, एवढेच माझे सांगणे आहे.

आता गुणांविषयी. बचावपटूचे गोल आणि सहाय्ये मोजताना त्यांतली पॉवर प्लेवरची किती आणि दोन्हीकडे पाचास पाच खेळाडू असतानाची किती, हे वेगळे काढावे. समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बसलेला असताना ब्लू लाइनवर (प्रत्येक संघाच्या क्षेत्राच्या सीमारेषेवर) उभे राहून पक इकडून तिकडे देणाऱ्याला सहाय्ये मिळतात. ते कौशल्यच आहे, पण ती संधी प्रशिक्षकाने दिलेली असते. आपल्या मुलाला ती मिळालेली नसल्यामुळे त्याचे बहुतेक गुण पाचास पाच असतानाचे असणार, आणि तसे पाहिले तर तो वाटतो तितका मागे नाही. मात्र एक गोष्ट मी लपवणार नाही. संघ गुणांना किंमत देतात आणि ती अकारण देत नाहीत. २०२३-२४ मध्ये सॅगिनॉच्या झेन पारेखने ६६ सामन्यांत ३३ गोल आणि एकूण ९६ गुण मिळवले. त्याच्या बचावाविषयी शंका घेणारे बरेच होते, तरी कॅलगरीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. गुण न मिळवणाऱ्या बचावपटूकडून संघ एरवी उंचीची अपेक्षा ठेवतात. पाच फूट अकरा इंच आणि कमी गुण ही जोडी ड्राफ्टच्या टेबलावर अवघड ठरते, आणि त्या अहवालातल्या शेऱ्यामागे हेच गणित असावे. अशा मुलाचे पाय साधारण चांगले असून भागत नाही, ते उत्तम असावे लागतात.

तेव्हा पाहायचे काय? आपण प्रत्येक सामना पाहता, ही फार मोठी सोय आहे. स्काउटला एखादा मुलगा हंगामात मोजक्या वेळाच दिसतो. माझी विनंती अशी की पुढचे काही सामने आपण पक पाहू नये, फक्त मुलगा पाहावा, आणि हातात एक वही ठेवावी.

समोरचा संघ जेव्हा पक आपल्या कोपऱ्यात लांबून टाकून त्यामागे धावतो, तेव्हा बचावपटूची खरी परीक्षा असते. पाठ मैदानाकडे, मागून दोन जण अंगावर येत आहेत आणि हातात जेमतेम दोन सेकंद आहेत. पकपर्यंत पोहोचण्यापूर्वी तो खांद्यावरून मागे पाहतो का? रस्त्यावर लेन बदलण्यापूर्वी सराईत चालक जसा आरशात पाहतो, तसे हे पाहणे त्याच्या अंगवळणी पडलेले असावे. एकदा नव्हे, दोनदा, आणि दोन्ही खांद्यांवरून. ज्याने आधी पाहिले आहे त्याला पक हाती येताच कोणाला द्यायचा ते ठाऊक असते. ज्याने पाहिलेले नाही तो पक बोर्डालगत (मैदानाच्या कडेच्या भिंतीलगत) आंधळेपणाने भिरकावतो आणि तो बहुधा समोरच्याच्या हाती लागतो. वहीत तीन रकाने करा : पक ताब्यात ठेवून संघ आपल्या क्षेत्रातून बाहेर पडला, पक नुसता बाहेर काढला, आणि पक गमावला. अशा प्रत्येक प्रसंगी एका रकान्यात एक रेघ मारा. दहा-बारा सामन्यांनंतर त्या वहीत जे दिसेल ते चौदा गुणांपेक्षा कितीतरी अधिक सांगेल. पहिल्या रकान्यात रेघा दाट असतील तर ‘आक्रमणाची क्षमता मर्यादित’ हा शेरा अपुरा आहे असे मी म्हणेन, कारण आक्रमण तिथूनच सुरू होते. गुण मात्र पुढच्या दोन-तीन पासेसनंतर दुसऱ्यांच्या नावावर लागतात.

दुसरी गोष्ट अंतराची. समोरचा खेळाडू पक घेऊन येत असताना आपला मुलगा उलट स्केटिंग करत मागे सरकतो. तो किती मागे सरकतो? जो घाबरतो तो आपली ब्लू लाइन आधीच सोडून देतो आणि समोरच्याला फटक्यासाठी मोकळी जागा मिळते. जो उतावीळ असतो तो पुढे झेपावतो आणि मागे पडतो. चांगला बचावपटू एका स्टिकच्या अंतरावर राहतो, समोरच्याला मधून हळूहळू बोर्डाकडे ढकलत नेतो आणि रेषेपाशीच त्याला निर्णय घ्यायला लावतो. सामना पुढे सरकतो तसे समोरचे खेळाडू आपल्या मुलाची बाजू टाळून दुसऱ्या बाजूने येऊ लागले आहेत का, तेही पाहा. ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात येत नाही, पण प्रतिस्पर्ध्यांनी दिलेले याहून चांगले प्रशस्तिपत्र दुसरे नाही.

मग वळणे. उलट स्केटिंग करता करता तो डावीकडून सुलट वळतो तेव्हा आणि उजवीकडून वळतो तेव्हा फरक पडतो का? बहुतेक मुलांची एक बाजू कच्ची असते आणि वेगवान आघाडीपटू ती सामन्याच्या पहिल्या वीस मिनिटांतच हेरतात. वळताना त्याचा वेग तुटत असेल, पाय एकमेकांत अडकत असतील, तर उन्हाळ्याचे काम तिथे आहे.

दुसऱ्या सत्राकडे मुद्दाम लक्ष द्या. त्या सत्रात बाजू बदलल्यामुळे आपले क्षेत्र बाकापासून लांब जाते आणि दमलेल्या बचावपटूला बदली मिळत नाही. शिफ्ट (एका वेळी बर्फावर राहण्याची पाळी) पाऊण मिनिटाच्या पुढे लांबली की धाप लागलेली असताना तो काय करतो, स्टिक बर्फावर राहते का, गोलसमोरच्या खेळाडूला सोडून पकमागे धावत सुटतो का, हे तिथे कळते. स्वतःच्या चुकीमुळे गोल झाल्यावरची पुढची शिफ्टही अशीच पाहण्यासारखी असते.

शेवटी प्रशिक्षकाचे वागणे पाहा, त्यांचे बोलणे नव्हे. घरच्या मैदानावर खेळाडू बदलण्याचा शेवटचा हक्क यजमान संघाचा असतो, म्हणजे समोर कोण उभे आहे ते पाहून आपला खेळाडू उतरवता येतो. घरच्या सामन्यांत आपल्या मुलाला समोरच्या सर्वांत चांगल्या आघाडीपटूंविरुद्ध पाठवले जात असेल आणि एका गोलची आघाडी असताना शेवटच्या मिनिटाला तो बर्फावर असेल, तर सतरा वर्षांच्या मुलावर टाकलेला तो मोठा विश्वास आहे. पेनल्टी किलच्या पहिल्या जोडीत तो आहे, हे आपण लिहिलेच आहे.

यावरून आपल्या यजमानांच्या दोन्ही सूचनांविषयी माझे मत आपल्या लक्षात आले असेल. संघ बदलून मागू नये. पॉवर प्लेच्या आशेने नव्या संघात गेलेल्या मुलाला तिथे ती जागा मिळेलच याची हमी कोणी देत नाही, आणि आज त्याच्याकडे असलेली कठीण मिनिटे मात्र हातची जाऊ शकतात. त्याऐवजी हंगाम संपल्यावर मुलाने स्वतः प्रशिक्षकांना भेटून, पुढच्या वर्षी दुसऱ्या पॉवर प्ले युनिटमध्ये जागा मिळवण्यासाठी आपण काय सुधारले पाहिजे, असे विचारावे. हा प्रश्न आईवडिलांनी विचारण्यापेक्षा मुलाने विचारणे नेहमीच चांगले. उन्हाळ्यातला पैसा आणि वेळ फटक्यांपेक्षा स्केटिंगवर खर्च करावा, आणि स्केटिंगचा शिक्षक असा निवडावा जो पहिल्याच आठवड्यात मुलाचे दोष आपल्याला स्पष्टपणे सांगेल.

उंचीची चिंता आपण मनातून काढावी, असे मी म्हणू शकत नाही, पण ती प्रमाणात ठेवावी. ॲडम फॉक्स हाही उजव्या बाजूने फटका मारणारा, पाच फूट अकरा इंचांचा. २०१६ मध्ये तो ६६व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याने जिंकली. त्याचे नाव आपल्याला अनेक जण सांगतील. मात्र फॉक्स मुळात पक खेळवणारा, गुण मिळवणारा बचावपटू आहे, त्यामुळे ते उदाहरण आपल्या मुलाला फारसे लागू पडत नाही. मला क्रिस टॅनेव्हचे उदाहरण जवळचे वाटते. तो टोरांटोचा, उजव्या बाजूचा, गोल न करणारा, आणि मुलगेपणी लहान चणीमुळे मागे पडलेला. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही घेतले नाही. रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एक हंगाम खेळल्यावर २०१० मध्ये व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला आणि त्यानंतर डझनभराहून अधिक हंगाम त्याने एनएचएलमध्ये निव्वळ बचावाच्या बळावर काढले. त्याला नंतर उंचीही लाभली, हे मी सांगितलेच पाहिजे. आपल्या मुलाची वाढ पूर्ण झाली आहे का, हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. २०२२ च्या ड्राफ्टपूर्वी लेन हटसननेही आपली हाडांची वाढ बाकी असल्याचे डॉक्टरांचे पत्र संघांना दिले होते. तो ६२व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी त्याला मिळाली.

टॅनेव्हच्या उदाहरणातून शिक्षणाच्या प्रश्नाकडे येतो. पूर्वी ओंटारिओ हॉकी लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकेतील विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीच्या हॉकीची दारे बंद होत असत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएए या अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडासंस्थेने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ही मुले तिथे पात्र ठरली. आपल्या मुलाच्या पिढीला मिळालेला हा मोठा लाभ आहे. उशिरा पक्व होणाऱ्या बचावपटूला विद्यापीठात वजन वाढवायला, आठवडाभर सराव करून शुक्रवार-शनिवारी खेळायला आणि पदवी घ्यायला वेळ मिळतो. माझा सल्ला असा की त्याने पुढचा हंगाम सध्याच्याच संघात खेळावा, त्या वर्षभरात विद्यापीठांशी बोलणी सुरू करावीत आणि शाळेचे गुण मुळीच घसरू देऊ नयेत. कोणत्याही व्यावसायिक कराराच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याचा पात्रतेवर काय परिणाम होतो, हे संबंधित विद्यापीठाच्या नियम विभागाकडून लेखी घ्यावे.

ड्राफ्टच्या दिवशी समारंभाला जाऊ नका, घरीच राहा. पहिली फेरी एका दिवशी आणि उरलेल्या सहा दुसऱ्या दिवशी होतात. त्या दुसऱ्या दिवशी मुलाला दुपारभर पडद्यासमोर बसवून ठेवू नका. नाव आले तर फोन येईलच. नाव आले नाही, तरी ज्यांना तो आवडला होता पण ज्यांच्याकडे फेरी उरली नाही अशा संघांचे फोन बहुधा त्याच संध्याकाळपासून सुरू होतात आणि उन्हाळी शिबिराचे निमंत्रण मिळू शकते. एकाहून अधिक निमंत्रणे आली तर प्रसिद्ध संघ निवडू नये. प्रत्येक संघाकडे उजव्या बाजूचे किती तरुण बचावपटू आधीच आहेत ते त्यांच्या यादीवरून मोजावे, आणि जिथे ते सर्वांत कमी आहेत त्या संघाला होकार कळवावा.